पॅरामिशियम बर्सारिया
गोड्या पाण्याच्या तळ्या-डबक्यांत आढळणारा हिरवा, एकपेशीय आदिजीव. लांबी सु. ०·१ मिमी. अंगभरच्या पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) लयीत हलवत तो स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो. अडथळा आला की मागे हटून दिशा बदलतो. मुखखाचेतील पक्ष्माभिका पाण्याबरोबर जीवाणू आत ओढतात. अन्नरिक्तिकांत त्यांचे पचन होते. पेशीत शेकडो क्लोरेला शैवले राहतात. प्रत्येक शैवल पातळ पटलाच्या वेगळ्या रिक्तिकेत असल्याने पचनापासून वाचते. शैवले प्रकाशसंश्लेषणातून माल्टोज शर्करा व ऑक्सिजन पुरवतात. आश्रयदाता त्यांना कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजनयुक्त द्रव्ये देतो. दीर्घकाळ अंधारात ठेवल्यास शैवले नाहीशी होतात. अशा शैवलविरहित पेशीने पुन्हा गिळलेल्या शैवलांपैकी काही पचनातून निसटून पेशीत स्थिरावतात. त्यामुळे सहजीवन कसे जुळते, हे अभ्यासण्यासाठी हा जीव फार मोलाचा आहे.