फुकटच्या जागेवरचे वर्ग

सर्व्हर नसलेल्या शिक्षकाला स्वतःचं संकेतस्थळ मिळालं ते १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजसारख्या फुकट सेवांमुळे. जिओसिटीजवर विषयवार वस्त्या होत्या. शिक्षण, साहित्य, तत्त्वज्ञान यांची पानं ‘अथेन्स’मध्ये. १९९९ मध्ये याहूने ती सेवा विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतली बंद केली. २००५ ची विकीस्पेसेस ही विकी बनवण्याची सेवा शिक्षकांची लाडकी. तीही २०१८ मध्ये मिटली. फुकट साधनाने पान उभारणं सोपं केलं, पण त्याचं आयुष्य ठरवण्याचा हक्क कंपनीकडेच ठेवला, असं मला या इतिहासातून दिसतं.

फुकट नसतं तर ही पानं झालीच नसती, असा आक्षेप येईल, आणि तो खराच आहे. पैसे मोजलेली सेवाही बंद पडू शकते. म्हणून कळीचा मुद्दा किमतीचा नाही, पान उचलून नेता येण्याचा आहे. जिओसिटीजवरची पानं बहुतांशी साध्या एचटीएमएल फाइली होत्या, कुठेही चालणाऱ्या. २००८ मध्ये आलेल्या गूगल साइट्ससारख्या साधनांत एचटीएमएल शिकण्याची गरज उरली नाही (ही सोय मोठीच), मात्र पानाची मांडणी त्या साधनाशी बांधली गेली. जिओसिटीज बंद होताना बंद पडणारी संकेतस्थळं जपून ठेवणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांना तिचा मोठा भाग उतरवून घेता आला, त्यामागे त्या फाइलींचा साधेपणाही होता.