पस्तावा आणि गाऱ्हाणे

पस्तावा म्हणजे हातून घडलेल्या चुकीबद्दल मागाहून होणारी मनाची होरपळ. मूळ संस्कृत शब्द ‘पश्चात्ताप’: ‘पश्चात्’ म्हणजे नंतर, ‘ताप’ म्हणजे दाह. प्राकृतात त्याचा ‘पच्छाताव’ झाला, मराठीत ‘पस्तावा’. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘पश्चात्ताप’ आणि ‘पस्तावा’ दोन्ही नांदतात.

सिंधुदुर्गात या भावनेला चारचौघांत वाट मिळाली ती देवाला ‘गाऱ्हाणे’ घालण्याच्या प्रथेत. हा शब्द संस्कृत ‘गर्हणा’ म्हणजे निंदा, यावरून आलेला, तिथल्या मालवणी बोलीत ‘गाऱ्हाणा’. एकट्याचा सल सगळ्या गावाने वाटून घ्यावा, हे या प्रथेचे खरे मोठेपण. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून मानकरी गावाच्या वतीने चूकभूल कबूल करतो, रक्षण मागतो. जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गणेशचतुर्थीला घरोघरीही गाऱ्हाणे घातले जाते.