आजीच्या तन्मण्यातले मोती

मागच्या वर्षी घरात पैशांची नड होती. आजीचा तन्मणी मोडायला नेला, तर सोनाराने आधी सगळे मोती काढून बाजूला ठेवले आणि फक्त सोनं काट्यावर घातलं. मी म्हणालो, "आजी सांगायची, बसरा मोती आहेत." तो म्हणाला, "चायनाचे आहेत, गोड्या पाण्यातले. यांचे काही येत नाहीत." आणि पुडी माझ्या हातात दिली.

घरी येऊन पाहिलं. मोती लांबट, सुरकुतलेले, अगदी चुरमुऱ्यासारखे. आजीने ते १९८०च्या दशकात सोलापूरहून हैदराबादला जाऊन चारमिनारजवळून घेतले होते. नेमक्या त्याच काळात चीनच्या तळ्यांतले असे मोती जगभरच्या बाजारांत पोत्यांनी येत होते.

मग खोटे कोणते?

बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले, समुद्रातून बुडी मारून काढलेले. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतो यांनी समुद्री शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. पुढे गोल मोतीही पिकू लागले आणि १९३०च्या सुमारास जागतिक मंदीने आखाताचा धंदा बसला.

पण गोड्या पाण्यातली गोष्ट त्याहून जुनी. तेराव्या शतकात चिनी लोक शिंपल्यात बुद्धाच्या शिशाच्या छोट्या मूर्ती सरकवत आणि त्यांवर मोत्याचा मुलामा चढू देत. १७६१ मध्ये स्वीडनच्या लिनिअसने नदीतल्या शिंपल्यात गोल मोती तयार करून दाखवला. स्वातीच्या थेंबाचा मोती होतो असं आपण ऐकत आलो. १८५२ मध्ये इटलीच्या फिलिप्पींना मोत्याच्या गाभ्यात परजीवी जंतू सापडला.

शिंपल्याच्या कवचाला आतून मँटल नावाचं पातळ मांसल अस्तर असतं. कवचाची चकाकी तेच तयार करतं. त्याच्या पेशी चुकून आत गेल्या, की त्यांची पिशवी बनते आणि ती आत थरावर थर चढवते. शेतकरी हेच मुद्दाम करतो.

भुवनेश्वरच्या 'सिफा' संस्थेने आपल्या तळ्यांतल्या लॅमेलिडेन्स शिंपल्यावर तीन पद्धती बसवल्या. कवच आणि मँटलच्या मध्ये साचा ठेवला, की अर्धगोल किंवा गणपतीच्या आकाराचा मोती होतो. मँटलमध्ये नुसता मांसाचा तुकडा रोवला, की बारीक, वेडावाकडा. जननग्रंथीत मणी आणि तुकडा दोन्ही ठेवले, की मोठा गोल.

ओळखायचं कसं? दोन मोती एकमेकांवर घासा. मोती असेल तर किंचित खरखर लागते, काच-प्लास्टिक गुळगुळीत सरकतं. पुढचा भेद भोकात दिसतो. पिकवलेल्या समुद्री मोत्यात आत मणी आणि वर पातळ थर असतो. मण्याशिवाय पिकवलेला गोड्या पाण्यातला मोती आरपार थरांचाच. प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली तो चमकतो, कारण त्यात मँगनीज जास्त असतं.

मी आजीचे दोन मोती घासले. खरखर लागली. भोकात भिंगातून पाहिलं, मणी नव्हता.

दुकानदाराने आजीला बसऱ्याच्या नावाने फसवलं, हे खरं. पण मोती खोटे नव्हते. आता ते आईने साध्या दोऱ्यात ओवून घेतलेत. कोणी विचारलं तर ती सांगते, "सासूबाईंचे आहेत. चीनच्या तळ्यातले."