खोलीतली प्रार्थना आणि अंगणातले भजन

मंडळी, मागे एकदा मुळशी तालुक्यात पौडला शिक्षकांपुढे बोलण्याचा योग आला होता. बोलणे संपल्यावर एक वयस्कर गुरुजी उठले आणि म्हणाले, "ख्रिस्ताने सांगितलंय म्हणतात, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. मग ही माणसं दर रविवारी चर्चमध्ये जमतात ती कशाला?" प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच शुभवर्तमानात दोघांतिघांनी एकत्र जमण्याचेही महत्त्व सांगितले आहे, एवढे मी त्यांना म्हटले. पण खरे उत्तर राहूनच गेले, कारण शेवटची एस. टी. गाठायची होती. ते आज देतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत आणि देहूत कीर्तनाला उभे राहत. डोंगर सुटला नाही, गावही सुटले नाही. आता या तुकोबांवर जीव टाकणारे एक ख्रिस्ती कवी पाहा : रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण घरात. धर्माचा शोध घेता घेता १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

तो निर्णय अगदी खोलीतला होता, दार लावून घेतलेला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी आधी विश्वासात घेतले नाही. त्या बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. लहान मुलाला घेऊन त्या पंढरपुरास नातेवाइकांकडे राहिल्या. नवराबायकोची ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली. टिळकांची श्रद्धा खरी होती, यात मला शंका नाही. पण एकट्याच्या भक्तीची किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाने मोजली, हेही तितकेच खरे. चरित्रकार इथून जरा घाईने पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' शाळेच्या कपाटात असतील तर काढून वाचा.

पुढे त्या नगरकडे पतीजवळ आल्या, पण आपला स्वयंपाक आणि सोवळे-ओवळे सांभाळून. टिळकांनी या वेळी जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतः विचार करून आधी जातीभेद मनातून काढला आणि १९०० साली स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. ही वाट घरातून, चुलीवरून, शेजाऱ्यापाजाऱ्यांतून गेली. मला ती नवऱ्याच्या वाटेपेक्षा मोठी वाटते. कुणाला वाटणार नाही.

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग संपादित करीत. मंडळी मोठी होती, पण तिचा पैसा आणि तिची शिस्त परदेशातून येई. आपल्या देशातल्या माणसाने ख्रिस्ताची भक्ती आपल्या रीतीने करावी, ही त्यांची तळमळ त्या चौकटीत मावेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे भाऊबंद. कल्पना धाडसाची! रजिस्टरात नाव नाही त्याला घरात कसे घ्यावे, असे पुष्कळांना वाटले असणार. पण ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबारही फार टिकला नाही. बरं का, इरजिकीला सगळा गाव लोटला आणि औताचा कासरा मात्र एकाच गड्याच्या हाती राहिला, तर तो गेल्यावर काय होणार?

टिकली ती त्यांची गाणी. अभंग-ओव्यांच्या चालीवर त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. एकट्या माणसाने रात्री बसून लिहिलेल्या या ओळी मराठी उपासनेत आजही शेकडो गळे मिळून गातात. गाताना कवीचे 'मी' प्रत्येकाचे 'मी' होते. वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

टिळकांचा प्रभाव पडलेल्यांत जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज पाद्री होते. त्यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली नगर जिल्ह्यात 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. देशी आणि परदेशी बंधू एका छपराखाली, साध्या राहणीने. ध्यान ज्याचे त्याने करायचे, उपासना, जेवण आणि सेवा सर्वांनी मिळून. काही वर्षांनी हा संघ पुण्यास शिवाजीनगरला आला. बंधूंचा तो मेळा पुढे ओसरला, आणि १९७२ साली त्याच ठिकाणी निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती भगिनींनी एकत्र येऊन आश्रम नव्याने सुरू केला.

पौडचे ते गुरुजी हे वाचत असतील तर त्यांना नमस्कार. उत्तराला उशीर झाला. त्या दिवशी एस. टी. मिळाली, पण बसायला जागा नव्हती.