अनामत रक्कम, एक षष्ठांश आणि आपले मत

निवडणुकीचा निकाल लागला की ‘अमक्याचे डिपॉझिट गेले’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते. पण डिपॉझिट कोणत्या हिशेबाने जाते आणि त्या हिशेबाचा आपल्या घरातील मतांशी काय संबंध आहे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. वाचकहो, हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०९ च्या सुधारणांनी या देशात मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले. मताचा अधिकार मात्र मूठभरांपुरताच होता. १९३५ च्या कायद्यानंतरही सारा, कर किंवा शिक्षण यांची अट होती. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत सुमारे तीन ते साडेतीन कोटी लोकांनाच मत होते. स्त्रियांपैकी पुष्कळजणींचे नाव यादीत आले ते मालमत्ताधारकाची पत्नी म्हणून. कूळ, मजूर, खलाशी आणि त्यांच्या घरच्या बायका बहुतांशी यादीबाहेरच होत्या.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही भिंत पाडली. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. विभक्त मतदारसंघही गेले. घटना समितीतील एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम एजाज रसूल यांनी विभक्त मतदारसंघांना आणि राखीव जागांना स्पष्ट विरोध केला होता, ही गोष्ट आपल्या मुलींना आवर्जून सांगावी.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादीत १७ कोटी ३२ लाख मतदार होते. पण ही यादी तयार होताना एक चमत्कारिक अडचण आली. उत्तर भारतातील लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीतून गळली. कायद्याने दिलेले मत केवळ नाव न सांगितल्याने हातचे गेले.

त्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी १,८७४ उमेदवार उभे होते. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास ५०० रुपये अनामत भरावी लागे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती सरकारजमा होई. निवडून आलेल्यास मात्र ती परत मिळते. त्या वेळी ७४५ जणांची अनामत जप्त झाली. मतदान शंभरात सुमारे ४५ इतकेच झाले.

पुढे रुपयाची किंमत घटली, पण अनामत तेवढीच राहिली. १९९६ साली लोकसभेला १३,९५२ उमेदवार उभे राहिले. एकट्या नलगोंडा मतदारसंघात ४८० होते. त्याच वर्षी अनामत १०,००० रुपये करण्यात आली आणि १९९८ साली उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. पुढे ती २५,००० झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५०० आहे. एक षष्ठांशाची अट मात्र कायम आहे. २०२४ साली शंभरातील ८६ उमेदवारांनी अनामत गमावली.

आता मूळ मुद्दा पाहा. हा एक षष्ठांश कशाचा? यादीतील मतदारांचा नव्हे, तर पडलेल्या वैध मतांचा. समजा, एका मतदारसंघात १८ लाख मतदार आहेत. निम्म्यांनी मत दिले तर ९ लाख मते होतात आणि अनामत वाचवण्याची रेषा दीड लाखावर येते. शंभरातील सत्तरांनी मत दिले तर तीच रेषा २ लाख १० हजारांवर जाते. यादी तीच, उमेदवार तेच. रेषा हलली ती मतदारांच्या पायांनी. जो घरी बसला तो या तराजूत कुठेच नाही, ना बाजूने ना विरोधात. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळाला, पण अनामतीच्या हिशेबात तीही मते धरली जात नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, १९८९ पासून मताचे वय २१ वरून १८ वर आले आहे. नोंदणीसाठी आता वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत. नमुना क्रमांक ६ भरण्यास फार कष्ट पडत नाहीत. स्त्रियांनीही मोठी मजल मारली आहे. २०१९ साली लोकसभेच्या मतदानात त्यांचे प्रमाण प्रथमच पुरुषांहून किंचित अधिक झाले.

पालक बंधुभगिनींनो, मुलीला शाळेत घालताना आपण तिचे नाव, जन्मतारीख काळजीने लिहितो. ती अठरा वर्षांची झाली की तेच नाव, त्याच अक्षरांत, मतदार यादीत आहे की नाही हे पाहणे हेही पालकाचेच कर्तव्य आहे. कोणाला मत द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु १९५२ साली २८ लाख मायबहिणींची जागा यादीत रिकामी राहिली, तशी आपल्या घरातील एकीचीही राहू नये.