तलवारीवरची माती

आपल्याकडे लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’. चांगली तलवार पाणीदार असते, तसा माणूसही. म्हणजे आपल्या भाषेने सगळं श्रेय पाण्याला देऊन टाकलंय. जपानमधली दंतकथाही पाण्याचीच आहे. एका शिष्याने गुरूच्या हौदातलं पाणी किती कोमट ठेवतात हे कळावं म्हणून गुपचूप हात बुडवला, आणि गुरूने तो हात तिथंच तोडला. ही गोष्ट एकापेक्षा जास्त लोहारांच्या नावावर सांगतात, तेव्हा खरी किती ते तुम्हीच ठरवा. (हशा)

मला आज बोलायचंय ते पाण्याच्या आधी पात्यावर जी माती लावतात तिच्याबद्दल.

अडचण साधी आहे. तापवलेलं पोलाद झटकन थंड केलं तर ते अतिशय टणक होतं, पण ठिसूळही होतं. सावकाश थंड केलं तर चिवट राहतं, पण धार टिकत नाही. तलवारीला दोन्ही हवं, आणि पातं तर एकच. जपानी लोहाराने यावर काढलेला उपाय म्हणजे लेप. चिकणमाती, कोळशाची पूड आणि धार लावायच्या दगडाची पूड पाण्यात कालवायची. प्रमाण ज्याचं त्याचं. पाठीवर थर जाड, धारेकडे अगदी पातळ. या कामाला ‘त्सुचिओकी’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने ‘माती ठेवणं’. लेप वाळला की पातं कोळशाच्या भट्टीत. साधारण 750 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, पण जुन्या काळी मोजणार कशाने? म्हणून हे काम अंधारात करतात, पोलादाचा रंग नजरेने ओळखता यावा म्हणून. मग एकदम पाण्यात. हे ‘याकिइरे’.

मघाशी कुणीतरी विचारलं, धारेवर मातीच नको, उघडीच ठेवली तर? प्रश्न चांगला आहे. उघडं, लालभडक पोलाद पाण्यात गेलं की त्याभोवती वाफेची चादर तयार होते. तापलेल्या तव्यावर थेंब कसा न उकळता नाचत राहतो, तसंच. ती चादर उष्णता अडवते. मातीचा पातळ, खरखरीत थर ती चादर लवकर मोडतो, म्हणून तिथं पोलाद उघड्यापेक्षाही लवकर थंड होतं. म्हणजे एकच माती पाठीवर उष्णता धरून ठेवते आणि धारेवर ती सोडवते. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला.

धारेत जे टणक पोलाद तयार होतं त्याला आज मार्टेन्साइट म्हणतात, आडॉल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. ते आधीपेक्षा थोडी जास्त जागा घेतं. त्यामुळे पाण्यात पातं आधी क्षणभर धारेच्या बाजूला वाकतं आणि मग उलट, पाठीकडे. जपानी तलवारीचा बाक बराचसा असा पाण्यात येतो. याच क्षणी धारेला तडाही जाऊ शकतो, आणि महिन्यांचं काम वाया.

मातीच्या बारीक रेघा पाठीकडून धारेकडेही ओढतात. त्यांच्याखाली पोलाद जरा मऊ राहतं. लढाईत धारेचा टवका उडालाच, तर तो अशा रेघेपाशी थांबतो. या खुणांना ‘आशी’, म्हणजे पाय म्हणतात.

आता उजवीकडचा फोटो बघा. पातं घासून पॉलिश केल्यावर टणक आणि मऊ भागांच्या सीमेवर ही धुकट पांढरी रेघ दिसते. हिला ‘हामोन’ म्हणतात. कुणाची सरळ, कुणाची लाटांसारखी. कामाकुरा काळातल्या (1185–1333) लांब तलवारी पुढे मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या, आणि लोहाराची सही नेमकी तिथंच असायची. सही गेली. मासामुनेच्या सहीच्या तलवारी तर फारच थोड्या आहेत. मग ओळखायचं कशावरून? घडणीवरून, पोलादाच्या पोतावरून, आणि या रेघेवरून. होन्आमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच पारखण्याचं काम केलं.

1876 मध्ये सरकारने सामान्य माणसाला तलवार बाळगून फिरायला बंदी केली आणि बहुतेक लोहारांचं पोट गेलं. पुढे महायुद्धात सैन्यासाठी कारखान्यांत भराभर तलवारी निघाल्या, पुष्कळशा तेलात थंड केलेल्या. 1945 च्या शरणागतीनंतर अमेरिकी फौजांनी शस्त्रं जमा करायचा हुकूम काढला, तेव्हा कारखान्याचं पातं आणि सहाशे वर्षांचं पातं एकाच ढिगात पडलं. कित्येक तलवारी वितळवल्या गेल्या, कित्येक सैनिकांनी आठवण म्हणून नेल्या. जपानी जाणकारांनी धडपड करून एवढं पदरात पाडून घेतलं, की कलावस्तू म्हणून मोल असलेल्या तलवारी तपासून परत द्याव्यात.

ती फारकत कायद्यात आजही आहे. घरात आजोबांची तलवार सापडली तर ती तपासायला न्यावी लागते. जुन्या पद्धतीने घडवलेली ठरली तर नोंद होते आणि ती घरी येते. कारखान्याची निघाली तर परत मिळत नाही, मग आजोबा कुणीही असोत.