पुरस्कार, संज्ञा आणि मराठीतील अद्भुत

कोणत्याही वाङ्मयप्रकाराला इतिहासात स्थिर स्थान लाभण्यास दोन गोष्टी साहाय्यभूत होतात: एक, त्या प्रकारास मिळालेले सर्वमान्य नाव, आणि दुसरी, त्या नावाने दिला जाणारा सन्मान. नाव असेल तर सन्मानाची कक्षा आखता येते. सन्मान असेल तर नाव रूढ होते. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा या तीन प्रकारांच्या बाबतीत, विशेषतः त्यांच्या दूरचित्रवाणीवरील आविष्कारांच्या बाबतीत, हा परस्परसंबंध फार स्पष्टपणे दिसून येतो. प्रथम अमेरिकेतील आणि नंतर मराठीतील स्थितीचा विचार केल्यास दोहोंतील अंतर कोठे व कसे पडले हे ध्यानात येते.

अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले आणि त्यातील कथांसाठी 'सायंटिफिक्शन' हा जोडशब्द प्रचारात आणला. उच्चारास अवघड असा तो शब्द टिकला नाही. त्याची जागा लवकरच 'सायन्स फिक्शन' या सुटसुटीत संज्ञेने घेतली. परंतु शब्द घडविणाऱ्याचे नाव मात्र पुरस्काराच्या रूपाने टिकले. १९५३ साली प्रथम दिले गेलेले 'ह्यूगो' पुरस्कार त्याच्याच नावाचे होत. हे पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासद-वाचकांच्या मतांनी ठरतात. नाट्यरूप सादरीकरणाचा विभाग त्यांत पुढे समाविष्ट झाला, आणि १९६०, १९६१ व १९६२ अशी लागोपाठ तीन वर्षे तो मान 'द ट्वायलाइट झोन' या दूरचित्रवाणी मालिकेने मिळविला. १९७२ साली डोनाल्ड रीड यांनी विज्ञानकथा, अद्भुत आणि भय या तिन्ही प्रकारांतील चित्रपटांसाठी एक स्वतंत्र अकादमी लॉस एंजेलिस येथे स्थापन केली. तिच्या 'सॅटर्न' पुरस्कारांत दूरचित्रवाणी मालिकांचा विभाग निर्माण झाला आणि कालांतराने त्याचेही विज्ञानकथा, अद्भुत व भय असे पोटविभाग पडले. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिन्ही प्रकारांना प्रथम एकाच छपराखाली आश्रय मिळाला आणि मगच त्यांच्या वेगळेपणाची दखल घेतली गेली.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा तशी अर्वाचीन नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले होते. परंतु तुरळक लेखन आणि मान्य वाङ्मयप्रकार यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे कार्य एका स्पर्धेने केले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ साली तीत 'कृष्णविवर' या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णु नारळीकर यांच्या आद्याक्षरांची उलटापालट होती. आपल्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी हे टोपणनाव घेतले, आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली. निकालानंतर लेखकाची खरी ओळख प्रकट झाली. पुढील वर्षी, १९७५ साली, कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाचा गौरवपूर्वक उल्लेख केला.

त्या कथेचे शीर्षकही भाषाभ्यासकास विचारप्रवृत्त करणारे आहे. 'कृष्णविवर' हा इंग्रजी संज्ञेचा घटकशः केलेला अनुवाद होय. तथापि त्यातील दोन्ही पदे संस्कृतोद्भव आणि मराठी वाचकास परिचित आहेत. अशा शब्दघटनेची मोठी परंपरा नागपुरास लाभलेली आहे. डॉ. रघुवीर यांनी फाळणीच्या सुमारास आपली संस्था लाहोरहून नागपुरास आणली आणि येथूनच हजारो पारिभाषिक शब्द सिद्ध केले. त्यांतील पुष्कळ शब्द कोशाबाहेर आलेच नाहीत. कोश शब्दाला जन्म देतो, परंतु त्याला लोकांच्या तोंडी बसविण्याचे सामर्थ्य कथेत असते. आणि कथेकडे लोकांचे लक्ष वेधण्याचे कार्य पुष्कळदा पुरस्कार करतो. 'कृष्णविवर' हे त्याचे बोलके उदाहरण होय.

भय आणि गूढ यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. नारायण धारप यांनी मराठी भयकथेला विपुल लेखनाने आकार दिला. रत्नाकर मतकरी यांनी 'गूढकथा' ही संज्ञा वाचकांच्या परिचयाची केली आणि त्यांच्या कथांवरील 'गहिरे पाणी' ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. परंतु मतकरींना मिळालेल्या राष्ट्रीय सन्मानांची शीर्षके पाहावीत: २००३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार नाट्यलेखनासाठी, तर २०१८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार बालसाहित्यासाठी. गूढकथाकार म्हणून त्यांना ओळखणारा वाचकवर्ग मोठा होता; तरी या सन्मानांच्या नोंदीत गूढकथेस रकाना नाही. नारळीकरांनाही २०१४ साली साहित्य अकादमीने गौरविले ते आत्मचरित्रासाठी. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेल्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटास फिल्मफेअरचे तीन पुरस्कार लाभले, ते छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी. भय निर्माण करणाऱ्या साधनांचा गौरव झाला. भय हा रस म्हणून मात्र अनामिक राहिला.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात ही उणीव अधिकच ठळक होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत उपरोक्त अकादमी स्थापन झाली त्याच वर्षी. त्यानंतर मराठीत रहस्य, गूढ व भय यांवरील मालिका वेळोवेळी झाल्या. २०१६ साली झी मराठी वाहिनीवर आलेली 'रात्रीस खेळ चाले' ही सावंतवाडीजवळील आकेरी येथे चित्रित झालेली मालिका इतकी लोकप्रिय ठरली की तिची आणखी दोन पर्वे निघाली आणि मालवणी बोली घरोघरी ऐकू येऊ लागली. परंतु त्या वाहिनीच्या वार्षिक पुरस्कारांची वर्गवारी पाहिली असता तीत आई, वडील, सासू, भावंडे, जोडी, कुटुंब अशी नात्यांची नावे आढळतात. ही वर्गवारी अकारण नाही. मराठी मालिका प्रामुख्याने कुटुंबकथा असल्यामुळे पुरस्कारांची परिभाषाही नातेवाचक शब्दांतून घडली. या परिभाषेत वाड्यातील पिशाचास प्रवेश मिळावयाचा तर तो कोणाचा तरी नातलग म्हणूनच मिळू शकतो.

एका अपवादाचा निर्देश येथे आवश्यक आहे आणि तो नागपूरशी निगडित आहे. २००७ साली येथे भरलेल्या ऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वऱ्हाडातील परतवाड्यास जन्मलेल्या अरुण साधू यांनी भूषविले. 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिणारा लेखक त्या आसनावर बसला. तथापि त्यांची ख्याती प्रामुख्याने 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या राजकीय कादंबऱ्यांवर उभी होती, म्हणून हा विज्ञानकथेचा सन्मान मानता येत नाही. नारळीकरांची २०२१ च्या नाशिक संमेलनासाठी झालेली निवड ही त्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण होय. १९७४ मधील एका पारितोषिकापासून निघालेली वाट तेथवर पोहोचली, असे म्हणण्यास आधार आहे.

पुरस्कारांमुळे वाङ्मयाची गुणवत्ता वाढते असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही. धारपांची भयकथा पुरस्कारांवाचून वाचली गेली आणि आजही वाचली जाते. प्रश्न स्मरणाचा आहे. पुरस्कारांची यादी ही पुढील पिढीच्या संशोधकास आयती मिळणारी सूची असते. ह्यूगो व सॅटर्न यांच्या याद्यांवरून अमेरिकेतील अद्भुत मालिकांचा इतिहास वर्षवार उभा करता येतो. मराठीत त्यासाठी प्रेक्षकांच्या आठवणींवरच विसंबावे लागते, आणि आठवणी माणसांबरोबर जातात. पुस्तक ग्रंथालयात तरी उरते. मालिकेस तेवढाही आधार नसतो. स्वतंत्र पुरस्कार निर्माण होईल तेव्हा होवो. तोपर्यंत मराठीतील गूढ, भय, अद्भुत व विज्ञान या विषयांवरील मालिकांची कालानुक्रमे वर्णनात्मक सूची सिद्ध करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांच्या आवाक्यातील कार्य आहे. त्या सूचीत प्रत्येक मालिकेपुढे प्रकाराचे नाव लिहावे लागेल, आणि ते लिहिताना आजवर टळत आलेला संज्ञानिश्चितीचा प्रश्नही आपोआपच सोडवावा लागेल.